तेलाचा डबा बदलताय? आधी त्याची मागची बाजू वाचा

अण्णांचा रिपोर्ट आला, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 168, आणि काकू लगेच म्हणाल्या की शेंगदाणा तेल बंद करा अन् 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेला डबा आणा. खरं सांगू, त्या लिहिण्याला काही अर्थ नाही. बियांच्या नि फळांच्या कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच, पामतेलात पण नाही.

रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं लिव्हरच बनवतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून पण तेच घेतं, पण खाण्यात सॅच्युरेटेड फॅट जास्त झालं की हे ओढून घेणं मंदावतं आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. म्हणून डबा फिरवा आणि मागच्या तक्त्यात सॅच्युरेटेड फॅटचा आकडा बघा. 100 ग्रॅममागे करडई आणि सूर्यफुलात साधारण 10 ग्रॅम, तीळ नि सोयाबीनमध्ये 15, शेंगदाण्यात 20 च्या आतबाहेर, आपल्या सरकीच्या तेलात 25, पामोलिनमध्ये 40 च्या वर आणि खोबरेलात 80 च्या पुढे. म्हणजे शेंगदाणा तेल काही गुन्हेगार नाही, काकूंना तेच समजावलं.

आता खरी मेख शेवेत आहे. घरात करडई आणली आणि आठवड्यातून तीनदा शेवभाजी, त्यातली शेव पामोलिनमध्ये तळलेली, मग काय फरक पडणार? पाकिटावर घटक लिहिलेले असतात ते वाचा, सुटी शेव घेत असाल तर दुकानदाराला सरळ विचारा कशात तळली, आणि तळून उरलेलं तेल परत परत तापवू नका. डालडा टाइप वनस्पती तूप तर नकोच, त्यातलं ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल कमी करतं. 2022 पासून त्यावर 2 टक्क्यांची मर्यादा आलीय, तरी घरात आणायची गरज काय?

आणि एक, पामोलिनच्या जागी करडई आली तर फायदा आहे, जुन्या तेलावर अजून दोन चमचे 'हेल्दी' तेल ओतलं तर नाही, मोठा चमचाभर कुठलंही तेल घ्या, 120 च्या आसपास कॅलरी असतातच. माणशी दिवसाला 4 लहान चमचे धरा, चौघांच्या घराला महिन्याला अडीच लिटर पुरायला हवं. आम्ही पहिल्यांदा मोजलं तेव्हा पाच लिटर निघालं!! तेव्हापासून भाजीत बरणी वाकडी करणं बंद, चमच्यानेच. भरताला तर त्रासच नाही, वांगं काड्यांवर भाजलेलं असतं, तेल लागतं ते फोडणीपुरतं. रश्श्यावर तवंग कमी दिसतो म्हणून सुरुवातीला घरात कुरकुर होते, होऊ द्या.

दोन महिने नीट पाळा आणि मग लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, परत करा, त्याआधी केलं तर बदल पूर्ण कळणार नाही. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही, अण्णांची अजून चालूच आहे.