गेम न खेळणाऱ्या माणसासाठी गेम निवडताय? या चुका टाळा

हल्ली ओळखीत कोणी ना कोणी विचारतंच, की आईसाठी, बायकोसाठी, रिटायर झालेल्या बाबांसाठी एखादा निवांत गेम सांग, एकट्याने खेळायचा, मारामारी नको. आणि सांगायच्या आधीच नेटवर 'कोझी' (निवांत, बिनघाईच्या गेमना असं म्हणतात) टाकून जो पहिला गोंडस फोटो दिसेल तो घेऊन मोकळे होतात, मग आठवड्याभरात गेम पडून. गेम वाईट नसतोच हो, पण तो हातांना काय करायला लावतो ते कोणी बघितलेलंच नसतं.

सगळ्यात मोठी चूक हीच. आपण लहानपणापासून खेळतोय म्हणून आपल्याला जाणवत नाही, पण कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याने चालायचं आणि त्याच वेळी उजव्या अंगठ्याने मान वळवायची हे नव्या माणसाला अजिबात सोपं नसतं. कोपरखैरण्याच्या मावशीला तिच्या मुलाने हौसेने एक जंगलात फिरायचा गेम लावून दिला, फर्स्ट पर्सन, म्हणजे सगळं आपल्याच डोळ्यांतून दिसतं तो प्रकार. मावशी चालायला लागली की कॅमेरा खाली जमिनीकडे, तो सरळ करायला गेली की एकदम आभाळाकडे, आणि माणूस आपला कुंपणाला धडका देत उभा. "अरे ही बया भिंतीकडेच का बघतेय?" असं म्हणत तिने कंट्रोलर जो ठेवला तो ठेवलाच, वर डोकं गरगरायला लागलं ते वेगळं. असं गरगरणं बऱ्याच जणांना होतं, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन मोशन ब्लर (हलताना चित्र धूसर होणं) आणि कॅमेरा हलणं बंद करायचं, फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे एका वेळी किती रुंद दिसतं ते, थोडा वाढवायचा, नाहीच जमलं तर तो प्रकारच सोडून द्यायचा.

सुरुवात अशा गेमने करा जिथे कॅमेऱ्याशी झटापट नाही. अनपॅकिंग (2021) मध्ये खोक्यातून सामान काढून घरात लावायचं, बस्स, माउसने उचला आणि ठेवा. ज्यांनी भाड्याची घरं बदलताना मूव्हर्स पॅकर्सची खोकी रिकामी केलीत त्यांना लगेच कळतं. वाचायला जवळजवळ काही नाही, हे आपल्याकडे फार कामाचं आहे कारण इंग्लिश डायलॉग भरलेले गेम आई-वडिलांना दमवतात. चुकीच्या जागी ठेवलेल्या वस्तूला शेवटी लाल कडा येते, त्यावरून वाद व्हायला लागले तर सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटी भागात कुठेही ठेवता येईल असा पर्याय आहे, तो चालू करून टाका.

दुसरी चूक, दिसायला गोड म्हणजे सोपा असं धरून चालणं. कपहेड जुन्या कार्टूनसारखा दिसतो आणि खेळायला इतका कठीण की रोज खेळणारे पण दात-ओठ खातात.

आता स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने बनवलेला, 2016 चा, सगळे डोळे मिटून हाच सुचवतात, शेती आहे, कोंबड्या आहेत, छान वाटतं. पण त्याला घड्याळ आहे! सकाळी 6 ला दिवस सुरू, रात्री 2 ला तुम्ही जागच्या जागी कोसळता, आणि हा अख्खा दिवस आपल्या जेमतेम 14 मिनिटांत संपतो. ज्याला रोज 8:12 ची ठाणे-वाशी पकडायची असते त्याला घरी येऊन परत घड्याळामागे पळायला लावायचं? गेम झकास आहे, पण देताना दोन गोष्टी सांगून ठेवा. एक, मेनू उघडला की एकट्याच्या खेळात वेळ थांबते, त्यामुळे गोंधळ झाला की सरळ मेनू उघडायचा. दोन, मासेमारी सुरुवातीला हमखास चिडवते, तर गेममधल्या किनाऱ्यावर विली नावाच्या कोळ्याच्या दुकानात 25 सोन्याला (गेममधलेच पैसे) ट्रेनिंग रॉड, म्हणजे शिकाऊंचा गळ, मिळतो तो घ्यायचा, नाहीतर मासे सोडून फक्त पेरणी करायची, कोणी रागवत नाही.

फोनवरची चूक वेगळी. फुकट आहे म्हणून घेतात. कँडी क्रशमध्ये पाच लाइफ असतात, संपल्या की एक भरायला अर्धा तास, मग माणूस निवांत बसतो कुठे, थोड्या थोड्या वेळाने फोन उघडून बघत बसतो. त्यापेक्षा एकदाच पैसे देऊन मॉन्युमेंट व्हॅली (2014) घ्या. एका बोटाने खेळता येतो, फोन उभाच धरायचा, घाई नाही, म्हणजे लोकलमध्ये दांडीला लटकून पण जमतं. अल्टोज ओडिसी (2018) चा झेन मोड पण बघा, त्यात स्कोअर नाही, पडलात तर उठून पुन्हा घसरत निघायचं. फक्त घरून निघायच्या आधी एअरप्लेन मोड लावून गेम उघडतो का ते तपासा, प्रवासात नेटवर्क गेलं आणि गेम लॉगिन मागत बसला तर सगळा मूड जातो.

कॉम्प्युटरवरचा गेम स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानातून, घेतलात तर खरेदीपासून 14 दिवसांत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळून झालेला असताना पैसे परत मागता येतात. म्हणून गिफ्ट द्यायच्या आधी सेटिंग, अक्षरांचा आकार वगैरे लावून ठेवा पण तासभर स्वतःच खेळत बसू नका.

तरीही हात लावत नसतील तर त्या माणसाला गेममध्ये ध्येय लागतं का ते तपासा. टाउनस्केपर (2021) मध्ये क्लिक केलं की रंगीत घरं उगवतात, ना हरणं ना जिंकणं, रांगोळी काढणाऱ्या बायका त्यात रमतात. पण आमच्या नौपाड्यातल्या काकांनी पाच मिनिटं बघून विचारलं, "मग पुढे काय?" बँकेत आयुष्य गेलेला माणूस, त्यांना हिशोब लागतो. त्यांना डॉर्फरोमँटिक दिला, त्यात षटकोनी तुकडे जुळवून गाव वसवायचं, वेळेची घाई नाही पण तुकडे मोजकेच, नीट जुळवले तर आणखी मिळतात. आता काकू जेवायला हाका मारतात आणि काकांचं "हा एक तुकडा लावतो" चालू असतं. तोच गेम हरायला न आवडणाऱ्यांना द्यायचा असेल तर क्रिएटिव्ह मोड लावून द्या, त्यात तुकडे संपत नाहीत. आणि कॅरममध्ये हरल्यावर जे दोन दिवस बोलत नाहीत, त्यांना स्कोअर दिसेल असं काही देऊच नका.