पावसाळ्यात मरळीची पिले कशी पाहावीत

समुद्रातील यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंद असते, तेव्हा गोव्यात अनेकांची पावले तळी, व्हाळ (ओढे) आणि पाणी भरलेल्या शेतांकडे वळतात. गोड्या पाण्यातील मरळ याच दिवसांत वीण घालते, आणि समुद्रातील बंदीचे संरक्षण तिला मिळत नाही. म्हणूनच ती पकडण्यापेक्षा पाहण्याची रीत येथे दिली आहे.

जागा निवडताना पाणी गोडे आहे याची प्रथम खात्री करावी. खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीत, मानशीतून (बांधातील पाण्याच्या दारातून) भरतीचे पाणी जेथे शिरते, तेथे शोधात वेळ घालवू नये. कुडतरीच्या राय तळ्यासारखी शेतीसाठी राखलेली तळी किंवा २०२२ मध्ये रामसर यादीत आलेले कुडचड्याचे नंदा तळे अशा ठिकाणी उथळ, गवताळ काठ निवडावा. बांधावर गरी टाकून बसलेल्या वयस्कर माणसाला विचारले, तर नकाशापेक्षा अधिक माहिती मिळते.

ओळख पटवणे अवघड नाही. डोके सापासारखे चपटे व मोठ्या खवल्यांनी झाकलेले, पाठ काळपट, पोट पांढरट, बाजूंवर तिरपे पट्टे, आणि डोक्यामागून शेपटीजवळपर्यंत गेलेला एकच लांब पर. तोंडाला मिशा दिसल्या, तर तो मासा मरळ नव्हे.

सकाळी वारा पडलेला असताना जावे आणि आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूला उभे राहावे. बांधावर पाय आपटत चालू नये, कारण मातीतून गेलेला हादरा माशाला आपल्याआधी पोहोचतो. पोलराइज्ड चष्मा असल्यास पाण्यावरची चमक कमी होते. पाण्यात मात्र उतरू नये. गोव्यातील काही जलाशयांत मगरी आहेत, आणि पावसाळी गवतात साप असतात.

शोधायचा तो तांबूस नारिंगी, सतत खळबळणारा पिलांचा पुंजका. गवतात मोकळी केलेल्या जागेत मरळीची अंडी पाण्यावर तरंगतात, एकदोन दिवसांत फुटतात, आणि नर-मादी दोघेही पिलांची राखण करतात. पुंजका दिसला की त्याच्याकडेच पाहत न राहता आजूबाजूच्या दोन-तीन हात पाण्यावर नजर ठेवावी. मरळीच्या कल्ल्यांच्या वर हवा घेणारा अवयव असतो आणि मोठ्या माशाला केवळ कल्ल्यांवर भागवता येत नाही, म्हणून काही वेळाने तो हमखास वर येतो: एक घोट, एक वलय, आणि पुन्हा तळाशी. या घोटाची वाट पाहणे हाच या निरीक्षणाचा खरा भाग आहे. ज्याला धीर नाही त्याला केवळ लाल पाणी दिसेल.

पिलांना खंड्या आणि बगळे टिपतात, तर वाढलेली मरळ बेडूक, किडे, कोळंबी आणि लहान मासे खाते. तळे आटू लागले, तर ओलसर चिखलात दडून ती काही काळ तग धरते, आणि पाऊस झाला की पाटातून भरलेल्या शेतात शिरते. म्हणजे तळे आणि शेत यांना जोडणारा पाट बुजवला, तर तिची पावसाळी वाटच बंद होते.

राखणदार मासा पुंजक्याजवळ आलेल्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडतो, आणि त्याचा हाच स्वभाव गरीवाल्याच्या उपयोगी पडतो. त्या क्षणी गरी किंवा पागेर (फेकून टाकायचे जाळे) टाकणे मला अयोग्य वाटते, कारण एक मोठा मासा हाती लागला, तरी शेकडो पिले राखणीविना उरतात. पुंजक्यात काठी घालू नये, तसेच पिले बाटलीत भरून घरीही नेऊ नयेत. घरच्या टाकीतील तिलापिया किंवा इतर परके मासे अशा तळ्यात सोडणे तर सर्वथा टाळावे.

वहीत तारीख, जागा, पुंजक्याचा अंदाजे घेर, पिलांचा रंग आणि किती मिनिटांत किती घोट दिसले, एवढे लिहावे. त्याच जागी आठवड्याने पुन्हा जावे. पिले वाढतात तसा लाल रंग ओसरून मातकट होत जातो, पुंजका सैल पडतो आणि शेवटी पिले गवतात पांगतात. त्यानंतर त्या जागी नोंद घेण्याचे कारण उरत नाही.