सिकलसेल : दोघांच्या रिपोर्टवरून बाळाचा हिशेब कसा मांडावा

सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. बाळाला तो होण्याचा धोका किती, हे काढायला आधी आईवडील दोघांचेही एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचे (रक्तात कोणकोणत्या प्रकारचं हिमोग्लोबिन किती आहे ते दाखवणाऱ्या तपासण्यांचे) रिपोर्ट हातात घ्या. रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगणाऱ्या सोल्युबिलिटी टेस्टवर हा हिशेब मांडू नका. ती वाहकालाही (स्वतः आजारी नसून पुढच्या पिढीला सिकल देऊ शकणाऱ्याला) पॉझिटिव्ह येते आणि रुग्णालाही, म्हणजे कोण कोणता ते कळतच नाही. गेल्या तीनेक महिन्यांत रक्त चढवलं असेल तर एचपीएलसीसुद्धा फसवतं, कारण त्यात दात्याचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं.

हिमोग्लोबिन घडवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्ही नेहमीच्या असतील तर एए, एक सिकलची असेल तर एएस म्हणजे वाहक, दोन्ही सिकलच्या असतील तर एसएस म्हणजे रुग्ण. एसएस बाळाला दोघांकडून एकेक ‘एस’ मिळालेला असतो, म्हणून नंदुरबार असो की गडचिरोली, सगळा दोष सुनेच्या माथी मारणं साफ चूक आहे.

कागदावर चार घरांची चौकट काढा, वर आईची दोन अक्षरं, डावीकडे वडिलांची, आणि घरं भरा. एएस-एएस जोडीत एक घर एए, दोन एएस, एक एसएस. एए-एसएस जोडीत चारही एएस. एएस-एसएस जोडीत निम्मी एएस, निम्मी एसएस.

गोंधळ होतो तो ही चौकट वाचताना. चार घरं म्हणजे चार मुलं नव्हेत. दोघंही एएस असतील आणि पहिलं मूल एसएस झालं, तर ‘आता पुढची तीन सुटली’ असं सांगणारे हमखास भेटतात. त्यांचं ऐकू नका. दर गर्भधारणेला हीच चौकट नव्याने लागू होते, धोका प्रत्येक वेळी २५ टक्केच.

याहून जास्त चुकतो तो रुग्णाच्या धडधाकट भावंडाचा हिशेब. आईवडील दोघंही एएस, बहीण एसएस, भावाला काहीच त्रास नाही. तो वाहक असण्याची शक्यता किती? बहुतेक जण ५० टक्के म्हणतात. पण तो रुग्ण नाही हे ठाऊक आहे, म्हणून एसएसचं घर आधी खोडा. उरली तीन घरं, त्यातली दोन एएस. म्हणजे शक्यता सुमारे ६७ टक्के. त्याची बायको एएस असेल तर दर बाळाला धोका २/३ गुणिले १/४, म्हणजे सहात एक. मात्र हा आकडा धरून बसू नका. त्याची तपासणी झाली की हिशेब स्पष्ट होतो : तो एएस निघाला तर २५ टक्के, एए निघाला तर एसएस बाळाचा प्रश्नच मिटला. ‘मला कधी काही झालं नाही’ हा पुरावा नव्हे, वाहकाला बहुधा काहीच होत नाही.

जोडीदाराच्या रिपोर्टमध्ये ‘एस’ नाही म्हणून लगेच एए लिहून मोकळे होऊ नका. एचबीए२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचा आकडाही बघा. तो ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर बीटा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी तयार होण्याच्या आनुवंशिक आजाराचा) वाहक असण्याची शंका घ्यायला हवी. एकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आला तरी बाळाला सिकलसेलचाच आजार होतो, आणि काही प्रकारांत तो एसएसइतकाच तीव्र असतो. हीच गोष्ट सर्वांत जास्त नजरेतून सुटते.

दोघंही एएस असतील तर दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना सांगा. वारेतल्या पेशींची तपासणी साधारण अकराव्या आठवड्यापासून, गर्भजलाची पंधराव्यापासून करता येते. बाळ जन्मल्यावर पहिले सहा महिने सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह आली तरी विश्वास ठेवू नका, गर्भातलं हिमोग्लोबिन तोवर ‘एस’ झाकून ठेवतं. एचपीएलसीच करून घ्या.