ठाण्याचा ऑपरेटर, लेहचा डीजी

वागळे इस्टेटच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालो आणि चार वर्षं घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचा डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर सेट, सांभाळला. लाइट गेली की चावी फिरवायची, एवढंच. त्या जोरावर लेहच्या एका साइटवर हिवाळ्याचं काम घेतलं. तिकडे जायचा विचार असेल तर माझी फजिती आधी वाचा.

पहिल्याच आठवड्यात, पहाटे उणे १८ अंशांत इंजिन चालू होईना. मी सेल्फ मारतच राहिलो, बॅटरी बसली. जोडीच्या लडाखी ऑपरेटरने काही न बोलता डिझेल फिल्टर उघडून समोर धरला. जानेवारीत आपल्याकडे खोबरेल थिजतं तसा आत पांढरट लगदा! थंडीत डिझेलमधलं मेण थिजतं आणि फिल्टर चोंदतो. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारं हिवाळी डिझेल आणलं. आम्ही तेच भरलं होतं, पण टाकीच्या तळाशी उन्हाळ्यातलं उरलेलं कुणी काढलंच नव्हतं. त्यात मीही आलो.

बॅटरीचं दुखणं दुहेरी. त्या थंडीत तिची ताकद निम्म्यावर येते आणि ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जोर मात्र जास्त लागतो. सेल्फ दहा सेकंद, मग दोन मिनिटं थांबायचं. बॅटरी किती भरलीय हे ॲसिडच्या घनतेवरून दाखवणारा हायड्रोमीटर रोज लावा. उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड गोठून पेटी तडकते; भरलेली बॅटरी तेवढ्या थंडीत गोठत नाही.

इंजिनचं पाणी कोमट ठेवणारा जॅकेट हीटर असतो, पण तो लाइटवर चालतो. लाइट गेली की तोही गार. त्यामुळे लाइट गेल्या गेल्या सेट चालू करा, ‘येईल पाच मिनिटांत’ हा ठाणेकरी आशावाद तिकडे चालत नाही. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं, ऑइल हिवाळी ग्रेडचं. हे कंपनीच्या पुस्तकात मिळेल.

लोडबद्दल मात्र कुणी सांगत नाही. मोठ्या सेटवर दोन-चार दिवे लावून तासन्‌तास चालवला की डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमधून काळं, चिकट ओघळ येतं. सेटच्या क्षमतेच्या निदान ३० टक्के लोड द्या. परत आल्यावर सोसायटीतला सेट पाहिला. दर शनिवारी लोडशिवाय दहा मिनिटं चालवायची आमची जुनी पद्धत, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी तेच काळं ओघळ.