या चुका टाळा: सोल्युबल आयएल-६ रिसेप्टर ‘चालत नाही’ तेव्हा

‘प्रोटीन मेलंय, दुसरा लॉट मागवू का?’ रिकॉम्बिनंट (लॅबमध्ये बनवलेला) ह्युमन आयएल-६ रिसेप्टर, म्हणजे आयएल-६ हा दाहाचा संदेश नेणारा रेणू पकडणारं, इथे पेशीपासून सुटं (सोल्युबल) प्रोटीन, वापरणारं कुणी ना कुणी आमच्या लॅबमध्ये हे विचारतंच. मी आधी प्रयोगाची वही मागतो. बहुतेक वेळा प्रोटीन ठणठणीत असतं, घोळ मांडणीत असतो.

सगळ्यांत मोठा घोळ म्हणजे या रिसेप्टरला ब्लॉकर समजणं. टीएनएफ या दुसऱ्या दाहकारक प्रोटीनचा सोल्युबल रिसेप्टर टीएनएफला बाहेरच पकडून ठेवतो. इटानरसेप्ट हे औषध त्याच तत्त्वावर चालतं. त्यामुळे आयएल-६चा सोल्युबल रिसेप्टरही तसाच वागेल असं गृहीत धरून लोक तो ‘आयएल-६ अडवायला’ टाकतात आणि सिग्नल उलट वाढलेला पाहून चक्रावतात. इथे गाडी उलटी धावते. आयएल-६ या रिसेप्टरवर बसला की ती जोडी पेशीवरच्या जीपी१३० या सिग्नल आत नेणाऱ्या प्रोटीनला जाऊन मिळते. जीपी१३० जवळपास सगळ्याच पेशींवर असतो, पण आयएल-६ रिसेप्टर मोजक्याच पेशींवर. म्हणजे एरवी आयएल-६कडे ढुंकूनही न पाहणाऱ्या पेशी जागच्या होतात. यालाच ट्रान्स-सिग्नलिंग म्हणतात. तुम्हाला अडवायचंच असेल तर टोसिलिझुमॅबसारखी रिसेप्टरविरोधी अँटिबॉडी घ्या. फक्त ट्रान्स-सिग्नलिंग तोडायचं असेल तर सोल्युबल जीपी१३०-एफसी (अँटिबॉडीच्या एफसी या शेपटीला जोडलेला सुटा जीपी१३०).

पेशींची निवडही इथूनच ठरते. हेपजी२ या यकृताच्या पेशींवर स्वतःचा रिसेप्टर आहे, त्या एकट्या आयएल-६लाही उत्तर देतात. तिथे बाहेरून रिसेप्टर टाकून फार फरक दिसला नाही तर प्रोटीनला दोष देऊ नका. जीपी१३० घातलेल्या बीएएफ३ या उंदराच्या पेशी चांगल्या: आयएल-६ एकटा निष्प्रभ, रिसेप्टर एकटा निष्प्रभ, दोन्ही मिळून वाढ. हे तिन्ही कंट्रोल प्लेटवर नसतील तर निष्कर्ष काढायला बसूच नये. शिवाय दहा टक्के सीरम असलेल्या माध्यमात स्टॅट३ (जीपी१३०चा सिग्नल पुढे नेणारं प्रोटीन) मोजू नका. सीरम स्वतःच पेशींना हलवून ठेवतं, त्यामुळे काही तास सीरमशिवाय उपाशी ठेवूनच उत्तेजना द्या. आणि स्टॅट३च्या ७०५ क्रमांकाच्या टायरोसिनवरचं फॉस्फोरिलेशन (फॉस्फेट चिकटणं, म्हणजे सिग्नल पोचल्याची खूण) पंधरा ते तीस मिनिटांत पाहा. सॉक्स३ हे सिग्नल थांबवणारं प्रोटीन लवकरच ब्रेक दाबतं; चोवीस तासांनी ब्लॉट (अँटिबॉडीने प्रोटीन दाखवणारी चाचणी) करून ‘काहीच नाही’ म्हणणारे मी पाहिलेत.

हिशेबाची चूक त्याहून साधी. दोन्ही प्रोटीनं ‘५० नॅनोग्रॅम’ टाकली म्हणजे समसमान झालं असं नाही. आयएल-६ साधारण २१ किलोडाल्टनचा, रिसेप्टर त्याच्या दुपटीच्या आसपास. रेणू मोजले तर रिसेप्टर निम्माच पडला. नॅनोमोलरमध्ये लिहायची सवय लावा.

प्रोटीन आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर वेगळंच नाटक. अमिनो आम्लांवरून बाहेरच्या भागाचं वजन ४० किलोडाल्टनच्या आत येतं, पण सस्तन पेशींत बनवलेला रिसेप्टर ५०च्या पुढे, पसरट पट्टा दाखवतो. ती अशुद्धी नाही, साखरेच्या साखळ्या आहेत. पीएनगेज-एफ हे त्या साखळ्या कापणारं एन्झाइम लावून पट्टा खाली आला की शंका मिटते.

आता वायल, म्हणजे सुकवलेलं प्रोटीन ज्यात येतं ती कुपी. ती आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. पावडर झाकणाला चिकटलेली असते आणि झाकण उघडताच उडून जाते. ५० मायक्रोग्रॅमच्या वायलमध्ये ५०० मायक्रोलिटर निर्जंतुक पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर) घातलं की मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमचा स्टॉक होतो. डेटाशीट दुसरं काही सांगत असेल तर तिचंच ऐका. व्हॉर्टेक्सवर जोरात हलवू नका, फेस आला की प्रोटीन बिघडतं. पातळ द्रावण प्लास्टिकला चिकटून गायब होतं, म्हणून ०.१ टक्का बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घालून एकेका वापरापुरते छोटे अ‍ॅलिकॉट करा आणि उणे ८०ला ठेवा. एकच ट्यूब पुन्हा पुन्हा वितळवण्याची काटकसर महागात पडते. मात्र प्रोटीनला बायोटिन हा खुणेचा लहान रेणू लावायचा असेल तर बीएसए अजिबात नको, सगळं बायोटिन तोच खाऊन टाकतो. कॅरियर-फ्री (बीएसएसारखी भर नसलेली) वायलच मागवा. तेव्हा ट्रिस बफरही टाळा, त्याचे अमाइन त्याच अभिक्रियेत घुसतात. पार्सलमधल्या जेल पॅकचं पाणी झालेलं पाहून मात्र लगेच घाबरू नका, सुकवलेली पावडर बहुधा तेवढा प्रवास सहन करते.

रिसेप्टरचं एफसी जोडलेलं रूप घेतलं असेल तर नुसत्या ह्युमन एफसीचा कंट्रोल हवाच, नाहीतर मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींवरचे एफसी रिसेप्टर ते पकडतात आणि तुम्हाला ते ‘बाइंडिंग’ वाटतं.

मोनोसाइटवरून आठवलं, एंडोटॉक्सिन, म्हणजे प्रोटीनमध्ये राहून गेलेला बॅक्टेरियाच्या आवरणाचा अंश. ते मोनोसाइटना आयएल-६च बनवायला लावतं, म्हणजे तुमच्या प्रयोगाचा विषयच नळातून सुटल्यासारखा वाहू लागतो. शंका आली तर थोडं प्रोटीन ९५ अंशांवर अर्धा तास उकळा. रिसेप्टर नष्ट होतो, एंडोटॉक्सिनला सहसा काही होत नाही. उकळलेल्या नमुन्यानेही तेवढाच प्रतिसाद दिला, तर मात्र लॉट नंबर आणि हा डेटा जोडून विक्रेत्याला मेल टाका.