बायपास-अँजिओप्लास्टीनंतरचा व्यायाम : या चुका टाळा

डिस्चार्ज कार्डावर आठ-दहा गोळ्यांची नावं असतात, समोर सकाळी किती, रात्री किती ते नीट लिहिलेलं असतं आणि तळाशी एक ओळ असते: ‘दगदग टाळा.’ दगदग म्हणजे नेमकं काय? किती चालायचं, जिना किती चढायचा, बादली उचलायची की नाही? हे कुणी लिहून देत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हृदयरोग्यांकडून व्यायाम करून घेते. माझ्यासमोर येणाऱ्या निम्म्या तक्रारी या एका ओळीतून निघालेल्या असतात.

एक काका बायपासनंतर तीन महिन्यांनी आले. मुलाने हाताला धरून आणलं होतं. शर्ट काढायला सांगितला तर डावा हात खांद्याच्या वर जाईना. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागत होता. मुलगा अभिमानाने म्हणाला, “ताई, आम्ही त्यांना काडीसुद्धा उचलू दिली नाही. पाण्याचा पेलासुद्धा हातात देतो.” टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) बघितला, हृदयाचं पंपिंग ५५ टक्के, म्हणजे नॉर्मल. हृदय छान होतं, पण तीन महिने पलंगावर बसून मांड्यांची ताकद गेली होती आणि खांदा आखडला होता. त्या मुलाने जीव ओतून सेवा केली होती, म्हणूनच मला फार वाईट वाटलं.

चूक : ‘आता फक्त आराम’

हा सल्ला घरातल्या मोठ्या माणसांनी मनाने काढलेला नाही. एके काळी डॉक्टरच हार्ट अटॅकनंतर सहा-सहा आठवडे पलंगावरून उठू देत नसत. १९५२मध्ये अमेरिकेत सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवलं आणि त्याचा फायदा दिसला. १९५५मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांना अटॅक आला, तेव्हा हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना हळूहळू पुन्हा हालचालीकडे नेलं. आज तर दवाखान्यातच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालवतात. घरी आल्यावर तेच सुटतं.

गुंतागुंत नसेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर सुरुवात साधी असते. घरातल्या घरात किंवा सपाट रस्त्यावर ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. त्रास झाला नाही तर दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवायची. सहा आठवड्यांच्या आसपास बरेच जण सलग ३० मिनिटं चालू लागतात. कुणाला आठ लागतात, कुणाला दहा, त्यात काही बिघडत नाही.

चूक : छातीचं हाड विसरणं, किंवा त्याच्या भीतीने हात बांधून ठेवणं

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापून तारांनी बांधलेलं असतं. ते सांधायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. तेवढ्या काळात दोन-तीन किलोंपेक्षा जास्त वजन नको. आता हे घरात मोजून बघा. १५ लिटरची भरलेली बादली म्हणजे १५ किलो. नातू कडेवर घेणं, डाळीने भरलेला मोठा कुकर उतरवणं, घट्ट दार ओढणं, सगळं त्यात आलं. आमच्याकडे सगळ्यात जास्त घात करते ती दुचाकी. “चालवली नाही हो, फक्त डबल स्टँडवर लावली,” असं सांगतात. स्टँडवर घेताना जो हिसका बसतो, तो थेट त्या हाडावर येतो.

पलंगावरून उठताना हातांवर भार देऊन सरळ उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि पायांच्या वजनाबरोबर अंग वर येऊ द्या. खोकला आला तर छोटी उशी छातीशी दोन्ही हातांनी घट्ट धरा. जमिनीवर मांडी घालून बसण्याची घाई नको, कारण उठताना हात टेकावेच लागतात.

आणि तरीही खांदे हलवायचेच आहेत. दोन्ही हात एकत्र, रिकामे, दुखत नाही तिथपर्यंत सावकाश वर न्यायचे. वर सांगितलेल्या काकांना एवढंच कुणी सांगितलं असतं तर पुढचे दोन महिने खांद्यासाठी घालवावे लागले नसते. हाडातून कट्-कट् जाणवलं, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी सर्जनना दाखवा.

अँजिओप्लास्टीवाल्यांना हाडाचा प्रश्न नाही. मनगटातून केली असेल तर त्या हाताने आठवडाभर जड उचलू नका, बस.

चूक : घड्याळातल्या आकड्यामागे धावणं

मुलांनी हौसेने स्मार्टवॉच दिलेलं असतं. २२० वजा वय, त्याचे ७० टक्के, असं गणित करून साठीचे गृहस्थ ठोके ११२ वर न्यायला बघतात. पण ते मेटोप्रोलॉलसारखी ठोके कमी ठेवणारी गोळी घेत असतात. त्यांचे ठोके ९५ वरच अडतात आणि तोवर त्यांची दमछाक झालेली असते. या गोळीवर असाल तर ते गणित तुमच्यासाठी नाही. तुमचा आकडा स्ट्रेस टेस्टवरून (चालत्या पट्ट्यावर चालवून घेतलेल्या तपासणीवरून) डॉक्टरांनी ठरवायचा.

त्यापेक्षा स्वतःच्या श्वासाकडे लक्ष द्या. स्वीडनच्या गुन्नर बोर्ग यांनी श्रम मोजायला ६ ते २० अशी पट्टी केली, तीच आम्ही वापरतो. रुग्णाला विचारतो, “किती जड वाटतंय?” ११ म्हणजे हलकं, १३ म्हणजे थोडं जड. सुरुवातीला या दोन्हींच्या मध्ये राहायचं. पट्टी लक्षात राहत नसेल तर चालता चालता बाराचा पाढा म्हणा. ‘बारा दुणे चोवीस’ म्हणताना मध्येच श्वास तुटला, तर वेग कमी करा.

चूक : एकदम सुरू, एकदम बंद

फाटकापासून तरातरा निघायचं आणि परत येऊन धपकन सोफ्यावर बसायचं. चालताना पायांच्या शिरा पसरलेल्या असतात. अचानक थांबलं की रक्त पायांतच साचतं, प्रेशर उतरतं, चक्कर येते. त्यात प्रेशरच्या गोळ्या चालू असतातच. पहिली आणि शेवटची ५ ते १० मिनिटं रमतगमत चाला. आल्या आल्या कढत पाण्याने आंघोळ नको, तीही प्रेशर उतरवते. जेवणानंतर निदान तास-दीड तास थांबा. डिसेंबरच्या पहाटेच्या गारठ्यात बाहेर पडू नका, थंडीने रक्तवाहिन्या आवळतात. उन्हं वर आल्यावर निघा.

श्वास रोखून जोर लावणंही टाळा, मग तो डंबेल उचलताना असो की शौचाला बसल्यावर. कपालभाती, भस्त्रिका, कुंभक पहिल्या काही महिन्यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. योगच नको असं मात्र मुळीच नाही. भारतात २४ केंद्रांवर सुमारे ४,००० अटॅक आलेल्या रुग्णांमध्ये योगावर आधारित पुनर्वसनाचा अभ्यास झाला आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सौम्य योग, श्वसन आणि ध्यान करणाऱ्यांना स्वतःची तब्येत जास्त बरी वाटली आणि ते नेहमीच्या कामांकडे अधिक चांगले परतले. पुढचे अटॅक किंवा मृत्यू मात्र स्पष्टपणे कमी झाल्याचं दिसलं नाही. म्हणून योग करा, पण चालणं आणि गोळ्या सोडून नको.

चूक : ‘तिचा व्यायाम घरकामातच होतो’

हे ऐकलं की मला राग येतो. बाईची बायपास झाली की दुसऱ्या आठवड्यात ती कणीक मळते, उंच दोरीवर कपडे वाळत घालते. हे हाडाला जड असतं आणि हृदयाला पुरेसं नसतं, कारण काम तुटक होतं, सलग अर्धा तास ठोके वाढलेले राहत नाहीत. घरच्यांनो, ती अर्धा तास चालायला जाईल तेव्हा पोळ्या कुणीतरी दुसऱ्याने लाटायच्या.

चूक : ‘गॅस असेल’

चालताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाब येतो आणि थांबलं की जातो, त्याला पित्त म्हणून सोडू नका. ओवा खाऊन पुढे चालणं ही सगळ्यात महाग चूक आहे. थांबा, खाली बसा, डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी ठेवा. पाच मिनिटांत उतरलं नाही तर १०८ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. म्हणून ती गोळी कपाटात नको, चालायला जाताना खिशात हवी.

पंपिंग कमी असलेल्यांनी रोज सकाळी वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, घोट्यांना सूज आली तर ते अंगात साचलेलं पाणी असू शकतं. त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टरांना फोन. मधुमेहींनी निघण्यापूर्वी साखर बघावी आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी.

आणखी एक. महिनाभर छान चालल्यावर काही जण स्वतःच गोळ्या कमी करतात. स्टेंट म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेली जाळी. त्यानंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन रक्तवाहिनी बंद होऊ शकते. तुम्ही रोज पाच किलोमीटर चालत असलात तरी.

ताप, लग्नकार्य, गावी जाणं, अशाने आठ-दहा दिवस खंड पडतोच. मग जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू करू नका. ३० मिनिटं चालत होतात तर पुन्हा १५वर या आणि आठवडाभरात वर चढा.