लेकरू गेल्यावर घरातली प्रार्थना कशी चालू ठेवावी

ख्रिस्ती घरात लेकरू दगावलं की पहिल्या आठवड्यात प्रार्थनेचा कुठलाही नेम लावू नका. घर माणसांनी भरलेलं असतं, पाळक किंवा फादर येऊन प्रार्थना करून जातात. आईबापांनी नुसतं बसावं, कोणी ताट पुढे केलं तर चार घास खावेत. खरी अडचण नंतर येते. सातव्या दिवसाची मिस्सा (कॅथलिकांची चर्चमधली उपासना) किंवा घरची प्रार्थनासभा उरकते, पाहुणे पांगतात आणि संध्याकाळी दार वाजायचं थांबतं. रोजची दहा मिनिटं तिथून सुरू करावीत.

जागा एकच ठेवा आणि वेळही एकच. शाळा सुटून लेकरू घरी यायचं ती वेळ मात्र पहिल्या महिन्यात टाळा. त्या वेळी मन दाराकडेच असतं. जेवणं आटोपल्यावर बसलेलं बरं. आधी दोन मिनिटं गप्प बसा, मग बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र मोठ्याने वाचा, लेकराचं नाव घेऊन एक वाक्य देवाला सांगा आणि शेवटी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणा. मोठ्याने वाचायचं कारण साधं आहे. दुःखात डोळे ओळींवरून नुसते घरंगळतात, आत काही जात नाही. आवाज काढला की शब्द धरून ठेवता येतो.

महिनाभर एकच स्तोत्र पुरे, तेरावं. जेमतेम सहा वचनांचं आहे आणि ‘कोठवर’ हा प्रश्न त्यात चारदा येतो. शेवटचं वचन देवाला गाणं गाण्याचं आहे, तिथे घसा दाटला तर चौथ्या वचनावर थांबा, पाप लागत नाही. तेही जड वाटलं तर अठ्ठ्याऐंशीवं घ्या. ते अंधारातच संपतं, तरीही पवित्र शास्त्रात आहे.

नाव घेऊन सांगायच्या वाक्यात एकच वस्तू आणा. ‘प्रभू, मला शांती दे’ हे तोंडपाठ असतं, म्हणून ते ओठांवरूनच निघून जातं. ‘प्रभू, आज त्याच्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर दातांचे ठसे दिसले’ एवढं पुरे. पुढे काही मागितलं नाही तरी ती प्रार्थना झाली. आणि हे लेकराशी बोलत होता त्याच भाषेत करा. आपल्याकडे सीमाभागात शाळा कन्नडची किंवा इंग्रजीची, मिस्सा कोंकणीत, घर मराठी असं चालतं. पण रडायची भाषा बहुधा एकच असते.

सगळ्यात जास्त बिघडतं ते आभार मानायच्या घाईने. बायबलमधल्या दावीद राजाचं उदाहरण हमखास पुढे येतं: आजारी बाळासाठी सात दिवस उपास केला, बाळ गेल्यावर उठून अंघोळ केली, जेवला, तुम्हीही उठा. पण तोच दावीद पुढे अबशालोम हा मोठा झालेला मुलगा गेल्यावर वेशीवरच्या खोलीत जाऊन ‘माझ्या मुला, माझ्या मुला’ करत रडला. हा उतारा, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातल्या अठराव्या अध्यायाचा शेवट, खूण करून ठेवा. लाजर या मित्राच्या कबरेकडे जाताना येशू रडला हेही त्याच पंगतीतलं.

‘देवाला फूल हवं होतं’, ‘तुमचाच विश्वास कमी पडला’ असं म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका. ‘आता प्रार्थना करा, बोलू नका’ म्हणा. बायबलमधल्या ईयोबाची मुलं गेली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले होते तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला. हिंदू शेजारी ‘दहावं-बारावं कधी?’ विचारतात ते मायेपोटी. त्यांना प्रार्थनेची तारीख सांगा आणि बोलवा.

मागे राहिलेल्या भावंडांना ‘बाळ झोपलं’ किंवा ‘देवाने नेलं’ सांगू नका. पहिल्याने ती झोपायला भितात, दुसऱ्याने देवाला. ‘तो मरण पावला, त्याचं शरीर थांबलं, आपण त्याला येशूच्या हाती सोपवलंय’ असं सांगा आणि पुन्हा पुन्हा विचारतील तेव्हा तेच शब्द वापरा.

बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाच्या आईला हे लवकर कळायला हवं: बाप्तिस्मा द्यायचं आईबापांच्या मनात होतं, तर कॅथलिक कायद्यात बिशपांच्या परवानगीने चर्चचा अंत्यविधी होऊ शकतो. दफनाआधीच फादरांना विचारा. अशी बाळं देवाच्या दयेवर सोपवावीत असं चर्चची शिकवण सांगते. 2007 साली व्हॅटिकनच्या ईश्वरविज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरायला गंभीर आधार आहेत, असं मांडलं.

मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करावी लागते. हे काम काका-मामांकडे द्या.

कपडे लगेच वाटू नका. अंगाचा वास असलेला एक सदरा न धुता, पूर्ण कोरडा असताना झिपच्या पिशवीत बंद करून स्टीलच्या डब्यात ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडा राहिला तर बुरशी धरते. डांबरगोळ्या टाकल्या तर वासच मरतो.

कबरेवर सिमेंटचं काम एक पावसाळा जाऊ देऊन करा. तांबडी माती भिजून खाली बसते आणि घाईने घातलेली फरशी तडकते. तोवर लाकडी क्रूस आणि कडेने दगड पुरे. 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, मेणबत्ती काचेच्या ग्लासात लावा, उघड्यावर वारा टिकू देत नाही.

पुण्यतिथीपेक्षा वाढदिवस जड जातो. महिनाभर आधी ठरवा: सकाळी कबरेवर जायचं, दुपारी संडे स्कूलच्या मुलांना कुंदा (दुधाची मिठाई) वाटायचा, वाटताना लेकराचं नाव घ्यायचं. न ठरवता तो दिवस उजाडला तर घरातला प्रत्येकजण वेगळ्या खोलीत बसतो.

झोप, जेवण दोन आठवडे लागोपाठ सुटलं तर डॉक्टर गाठा. आपणही त्याच्यामागे जावं असं वाटू लागलं तर एक दिवसही थांबू नका. लगेच जवळच्या माणसाला सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 वर फोन करा. तो फुकट लागतो, दिवसरात्र चालतो. पाळकांना सांगितलं म्हणून डॉक्टरांना सांगायचं नाही, असं करू नका.

नेम मधेच चुकेल, आठवडाभरही चुकेल. राहिलेल्या दिवसांचा हिशेब न करता पुन्हा तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवा.